तासकोऱ्याचा सूर्यडोक्या

१

सूर्यडोक्या जिथे होता तिथे आता दगडाचा एक फिकट चौकोन उरला होता.

तासकोऱ्याच्या घळीतले दगड उन्हाने भाजून भाजून काळे पडलेले. त्या काळ्यावर कधीकाळी कोणी टोचून टोचून बैल काढले, लांब शिंगांचे बोकड काढले, हात धरून नाचणारी माणसं काढली. सगळ्यांच्या वर, कड्याच्या फळीवर, तो एकटा: डोक्याच्या जागी सूर्य, सूर्याभोवती किरणं आणि खाली काटकुळे पाय. बाकीची चित्रं अखंड कड्यावर होती. हा मात्र थंडीने तडकून सुटलेल्या एका शिळेवर होता, जागच्या जागी बसलेला, एखाद्या तगड्या माणसाला मेंढीसारखा कवेत धरून नेता येईल एवढा. मोठ्या धुळीच्या वादळानंतर कारागांदीहून आलेला शिक्षिकांचा घोळका धापा टाकत वर चढला, फोन सरसावले, आणि पाहतात तर समोर फिकट चौकोन आणि त्यावर गोंधळलेला एक विंचू. एकीने विंचवाचा फोटो काढला. आल्यासारखं काहीतरी हवंच ना.

निरोप पोचला तेव्हा कॅप्टन कुल्याश एका मेंढीचोराचा जबाब घेत होती, आणि मेंढ्या आपणहून मागे आल्या असं तो तिला पटवत होता. कुल्याशने उभ्या नोकरीत जे काही शोधलं ते चार पायांचं. दगड शोधायची ही पहिलीच वेळ. शिपाई तिने लगेच झडतीला धाडले, स्वतः दुसऱ्या दिवशी निघाली. ठाण्याची जीप विटांवर उभी होती, म्हणून पुरातत्त्व कार्यालयाचा भाड्याचा ड्रायव्हर ओराझाली आपली जुनी उआझ गाडी घेऊन तिला न्यायला आला. साठी उलटलेला, पांढऱ्या दाढीचा, रुंद खांद्यांचा माणूस.

गाव मागे पडलं. रस्त्याकडेला पहिलं थडगं दिसलं आणि ओराझालीने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले, ओंजळ धरली, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवले. तेवढा वेळ गाडी आपल्या मनाने चालली.

"आगा, स्टिअरिंग!" कुल्याश ओरडली.

"गाडीला रस्ता पाठ आहे, पोरी."

"समोरच्या ट्रकलाही पाठ आहे का? नाहीतर पुढचं थडगं आपलंच."

"मग आपल्यासाठी कोणीतरी हात फिरवेल की," ओराझाली म्हणाला. "जाता जाता तेवढंच द्यायचं असतं त्यांना. दुसरं काय मागतात बिचारे?"

कबरीपाशी चेहऱ्यावरून हात तर सगळेच फिरवतात. कुल्याशनेही फिरवला होता, एका हाताने दांडा घट्ट धरून. पण बाकीचे लोक चुटपुटता फिरवतात, गप्पा न थांबवता. ओराझालीचं तसं नव्हतं. एकटं थडगं असो, कोसळलेला घुमट असो, अपघाताच्या जागेवरची लोखंडी चंद्रकोर असो, त्याचे हात सुटायचेच. गाडीचा रेडिओही तो आधी बंद करायचा.

एका कब्रस्तानापाशी तर त्याने गाडीच थांबवली. उतरला, कुंपणापाशी उकिडवा बसला, सावकाश कुराण म्हटलं. परत आला तेव्हा डोळे ओले होते.

"सागिन. माझा धाकटा भाऊ. नुरजमालचा नवरा." त्याने गिअर टाकला. "तासकोऱ्याची राखण त्याच्याकडे होती. तो गेला आणि तिच्याकडे आली."

"भावजय कशी आहे?"

"जीभ सोडली तर बरी आहे."

"आणि तुमचा मुलगा? येर्सिन ना?"

"तो निघाला कोरियाला. कारखान्यात. बॅग भरून दाराशी ठेवलीय." त्याने आरसा उगाच सरळ केला. "एकुलता एक. चूल कोण राखणार, सांग. त्याच्या आईने जेवण टाकलंय."

घळीच्या तोंडाशी, सक्सौलच्या झुडपांखाली, रस्त्यालगत दगडांचा एक छोटासा ताजा ढीग होता. लहान मुलाची कबर असावी एवढा. डोक्याशी काठी, काठीला पांढऱ्या कापडाची चिंधी. कुल्याशने चेहऱ्यावरून हात फिरवला.

"इथली वाळू चाकं गिळते," ओराझाली म्हणाला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून त्याने गाडी पुढे रेटली.

फाटकापाशी नुरजमाल उभी होती. पन्नाशीची, उंच, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. पायाशी गाठोडं.

"चला, मी तयार आहे," ती कुल्याशला म्हणाली. "बेड्या आणल्यात, की दोरीनेच नेणार?"

२

"आधी चहा द्या," कुल्याश म्हणाली. "माणूस पकडून न्यायचं तेही उपाशीपोटी, असं माझ्याने होत नाही."

नुरजमालला हे अपेक्षित नव्हतं. तिने गाठोडं पायाने बाजूला सारलं आणि दार उघडलं.

घर म्हणजे दोन खोल्या, ओसरी आणि बाहेर पाण्याची लोखंडी टाकी. ओराझाली आत आला नाही. धाकट्या भावाच्या विधवेच्या घरात मोठ्या दिराने पाय पसरून बसायचं नसतं. तो गाडीच्या सावलीत टेकला आणि नुरजमालने त्याचा चहा दारापर्यंत नेऊन, नजर खाली ठेवून, उंबऱ्यावर ठेवला.

"हात धुवायचेत," कुल्याश म्हणाली.

"घ्या की सढळ हाताने. वादळाच्या दिवशीच काठोकाठ भरलीय."

चहा दुधाचा आणि खारट होता, बाउरसाक, पिठाचे तळलेले गोळे, ताजे होते. अटक व्हायची असली तरी पाहुण्यासाठी तळण काढलेलं होतं.

"तुमच्याविरुद्ध काय काय आहे ते मी सांगते," कुल्याश म्हणाली. "दगड राजधानीच्या संग्रहालयात हलवायचा हुकूम आला. तिथले डॉक्टर तैमास तो न्यायला आले. तुम्ही चारचौघांत त्यांना म्हणालात, दगड न्यायचा असेल तर आधी मला उचला."

"म्हणाले. अजून म्हणते."

"आणि मग दगड गेला."

"मग मी नेला? खाटेखाली ठेवला? तुमच्या शिपायांनी खाट उलटी केली, पिठाचं पोतं उलटं केलं. माझी लग्नातली गोधडीसुद्धा उसवली. काय मिळालं? कापूस." तिचा आवाज चढला. "उद्या दुपारपर्यंत दगड मिळाला नाही तर नोकरी गेली, घर खाली करायचं, वर चोरीची तक्रार. कार्यालयाच्या साहेबांनी फोनवर सांगितलं. या खोलीत माझा नवरा गेला, बाई. मी इथून चोर म्हणून बाहेर पडायची? त्यापेक्षा मला त्याच्या शेजारी पुरा."

कुल्याशने खिशातून कुर्तची गोळी काढून गालात धरली. खारट, दगडासारखी कडक सुक्या दह्याची गोळी. ती विरघळेपर्यंत डोकं चालतं असा तिचा अनुभव होता.

"शेवटचा दगड कधी पाहिलात?"

"वादळाच्या आदल्या संध्याकाळी. रोज जाते वर. वादळाच्या दिवशी मात्र नाक बाहेर काढायची सोय नव्हती. दार लावून बसले."

"त्या दिवशी कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"आठवून सांगा."

"आठवायचंय काय त्यात? फाटकाची किल्ली माझ्या गळ्यात. कुत्रंसुद्धा आलं नाही."

"तुम्ही गेलात तर राखणदारी कोणाकडे जाईल?"

"कार्यालय जाणे. इथे राहायला तयार आहे कोण? मागे माझ्या पुतण्याने अर्ज केला होता, जागा नाही म्हणून परत आला." तिने पेला पालथा घातला. "तुम्ही त्या डॉक्टरच्या गाडीत का बघत नाही? मागच्या बाजूला लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून काहीतरी लपवलंय त्याने. मी काल चाचपून पाहिलं. दगडासारखं कडक लागलं."

३

डॉक्टर तैमास कड्याखाली छत्री उघडून बसला होता. चाळिशीचा, गोरटेला, नाकाचं कातडं उन्हाने सोललेलं. राजधानीत जन्म गेलेल्या माणसाला वाळवंट असंच सोलून काढतं.

"गाडी उघडा," कुल्याश म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "त्याची गरज आहे का?"

"आता तर फारच आहे."

मागच्या बाजूला नमद्याची गुंडाळी होती. तिने कोपरा उलगडला. काळी शिळा, तिच्यावर सूर्याचं डोकं, किरणं, काटकुळे पाय. मागे आलेल्या नुरजमालने किंकाळी फोडली आणि डॉक्टरच्या अंगावर धावली. कुल्याशने तिला कमरेला धरून थोपवलं.

"सूर्यडोक्याच्या चोरा! मुडद्या!"

"अहो, ठोकून बघा!" डॉक्टर छत्री आडवी धरून ओरडला. "आधी ठोकून बघा!"

कुल्याशने बोटाने ठोकलं. पोकळ आवाज आला. एका हाताने ती शिळा सहज उचलली गेली.

"प्लॅस्टरची आहे," डॉक्टर म्हणाला. "खरा दगड नेल्यावर इथे ही बसवायची होती. लोक एवढ्या लांबून येतात, त्यांना रिकामी जागा कशी दाखवायची? बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या डोक्यात घातली असती, म्हणून सांगितलं नाही."

"अजूनही घालेन," नुरजमाल म्हणाली. पण ती त्या प्लॅस्टरकडे पाहत होती आणि आतून हलली होती.

कुल्याश त्या माणसावर संशय घ्यायला तयारच होती, कारण तो तिला आवडला नव्हता. पण ज्याला दगड सरकारी शिक्क्यानिशी, सगळ्यांदेखत मिळणारच होता, तो चोरेल कशाला? दगड नाहीसा झाला म्हणून त्याच्याही तोंडाला पानंच पुसली गेली होती.

"वादळाच्या दिवशी कुठे होता?"

"गावात, खाणावळीत. मालकीण सांगेल. दिवसभर तिच्या जावयाशी बुद्धिबळ खेळलो. हरलो."

"मग खरं असणार," कुल्याश म्हणाली. "खोटं सांगणारा जिंकलेला असतो."

कुल्याश आणि डॉक्टर कड्याखालून फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत चालत गेले. सक्सौलखालच्या त्या छोट्या ढिगापाशी डॉक्टरने छत्री काखेत धरली आणि घाईघाईने चेहऱ्यावरून हात फिरवला. कोणी राजधानीत वाढला तरी ही सवय जात नाही.

तेवढ्यात फाटकाकडून शिपाई पळत आला. नुरजमालच्या शेडमध्ये, लाकडांच्या मागे, पहार सापडली होती. टोकाला फिकट दगडाची ताजी भुकटी होती.

४

नुरजमालने पहारीकडे वाकून पाहिलं.

"ही माझीच आहे," ती म्हणाली. "फाटकाचा खांब हलवायला आणली होती. ओसरीत असते. शेडमध्ये मी नाही ठेवली."

"कोणी ठेवली?"

"मला कसं ठाऊक!"

ओराझाली गाडीपासून दोन पावलं पुढे आला होता. त्याने मान हलवली. "अरेरे," एवढंच म्हणाला.

आता उरला दुइसेन मेंढपाळ. घळीपलीकडे त्याचं हिवाळी घर होतं. मेंढ्या चित्रांच्या दगडांवर अंग घासतात म्हणून नुरजमालने त्याला चराईबंदी करवली होती, आणि त्या दिवसापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. कुल्याश पोचली तेव्हा तो उंटिणीचं दूध काढत होता. वाकड्या पायांचा, तोंडभर हसणारा माणूस.

"या या, कॅप्टनबाई! यंदा माझी एकही मेंढी चोरीची नाही. मोजून घ्या."

"दगडाचं बोला."

"त्याला पाय असते तर सांगितलं असतं." त्याने शुबातचा, उंटिणीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा तिच्या हातात दिला. "हे बघा, त्या बाईचं आणि माझं पटत नाही. तिने माझ्या बोकडाला दगड मारलाय, तोही सरकारी! पण ती चोर? नवऱ्याच्या मागे ती त्या कड्याशी बोलते. ऐकलंय मी. आज ऊन फार आहे, डोकं तापलं असेल नाही तुझं, असं म्हणते त्या सूर्यडोक्याला. असली बाई त्याला खाटकासारखं उचकटेल? लिहून घ्या हवं तर."

"आणि तुम्ही?"

"वादळात मी उंटिणीला कवटाळून गोठ्यात होतो. ती साक्ष देईल, पण थुंकते, जरा लांबून विचारा."

कुल्याश हसली. निघताना ती उंबऱ्याशी थांबली. एक गोष्ट विचारायची होती, आणि असली गोष्ट कोणी विचारत नाही. पण पोलिसाचं निम्मं काम न विचारायचं विचारणं हेच असतं.

"दुइसेन, तुमच्या दुःखाबद्दल बोलले नाही मी. घळीच्या तोंडाशी ते लहानगं... सुनेचं का?"

दुइसेनचं हसू मावळलं. "माझ्या सुनेचं? देव न करो! तिचं पोर आत झोपलंय, ढोलासारखं पोट आहे त्याचं. ते नुरजमालच्या कोणा नातलगाचं ना? मी हात फिरवतो येता जाता, पण तिला कसं विचारणार? आमचं तर बोलणंच नाही."

कुल्याशच्या गालातली गोळी एव्हाना विरघळली होती. तिने दुसरी काढली नाही.

५

परतीच्या वाटेवर ती त्या ढिगापाशी थांबली, पण गाडीतून उतरली नाही. ओराझाली समोर पाहत होता.

"गाडीचं तेल कमी झालंय," तो म्हणाला. "अंधाराआधी निघायला हवं."

फाटकापाशी उतरून ती थेट नुरजमालकडे गेली. "घळीच्या तोंडाशी कबर आहे ती कोणाची?"

"दुइसेनच्या घरची. सून पोटुशी होती." नुरजमालने आवाज खाली आणला. "भांडण आपल्या जागी. लेकराच्या कबरीबद्दल कोणी कोणाला टोचून विचारत नाही. मी एक चिंधी बांधून आले फक्त."

"कधीपासून आहे?"

"वादळानंतर दिसली."

"माणसं आली होती? पातेलं चढलं? मेंढी कापली?"

नुरजमालने नकारार्थी मान हलवली. या मुलखात कोणी मेलं की सगळ्या दिशांनी गाड्या येतात, ओळखीचे येतात, अनोळखी येतात, सगळे रडतात आणि सगळे जेवून जातात. अगदी तान्हं गेलं तरी चार बायका येऊन आईपाशी बसतात आणि चूल पेटतेच. इथे एक कबर उगवली होती आणि तिच्यासाठी कोणीही, कुठेही, साधा चहासुद्धा उकळला नव्हता. दोन घरांच्या मधोमध ती होती. हिला वाटलं त्यांची, त्यांना वाटलं हिची, आणि दोघांनी मान ठेवून गप्प बसणं पसंत केलं होतं. शिपायांनी पिठाची पोती उलटी केली, मेंढ्यांचा कोंडवाडा उपसला, विहिरीत गळ टाकला. त्या ढिगाला मात्र सगळे वळसा घालून गेले, चेहऱ्यावरून हात फिरवत.

पण वाटणं वेगळं आणि कबर उकरणं वेगळं. खाली खरंच एखाद्या वाटसरूचं मूल असलं तर? कुल्याशची नोकरी तर जाईलच, पण त्याहून वाईट म्हणजे आपल्या हातून हे झालं असं तिला जन्मभर वाटत राहील. तिला ते दगड न उचलता आत काय आहे ते कळायला हवं होतं.

"नुरजमाल," ती म्हणाली, "वादळाच्या दिवशी कोणी आलं नव्हतं म्हणालात."

"नव्हतंच आलं."

"मग टाकी कोणी भरली?"

"टाकी तर आमच्या घरच्या मोठ्यांनी..." नुरजमाल थांबली. दिराचं नाव ती घेत नव्हती. लग्न झाल्यापासून कधीच घेतलं नव्हतं. "ते पाणी घेऊन येतात. ते काय कोणी आले असं होतं का? ते घरचेच आहेत."

"ते टाकी भरत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"आत. मोठ्या दिरासमोर मी कशी फिरणार? किल्ली उंबऱ्यावर ठेवते, ते घेतात, जाताना परत ठेवतात."

"किती वेळ होते?"

नुरजमालचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला.

६

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत कुल्याशने सगळ्यांना त्या ढिगापाशी बोलावलं. नुरजमाल गाठोडं घेऊन आली. डॉक्टर तैमास छत्री घेऊन. दुइसेन घोड्यावरून आला आणि लांबूनच उतरला. ओराझाली गाडीला टेकून उभा होता.

"दगड मिळाला नाही," कुल्याश म्हणाली. "बाईंना न्यावं लागेल. पण जायच्या आधी या लेकरासाठी कुराण वाचू या. कोणाचं आहे कोणास ठाऊक, कोणी वाचलेलं दिसत नाही. बसा सगळे."

सगळे उकिडवे बसले. ओराझालीलाही बसावं लागलं.

"आगा, तुम्ही सगळ्यांत मोठे. तुम्हीच म्हणा."

ओराझालीने घसा खाकरला. "आज घसा धरलाय, पोरी. दुइसेन म्हणेल."

"मोठा समोर असताना मी?" दुइसेन दचकून म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"काल येताना प्रत्येक थडग्यापाशी घसा चांगला होता," कुल्याश म्हणाली. तिचा आवाज शांत होता, मेंढीचोराचा जबाब घेताना असतो तसाच. "मोडक्या घुमटाला तुम्ही हात फिरवलात. अपघाताच्या चंद्रकोरीला फिरवलात. त्यापायी आपण दोघं ट्रकखाली जाणार होतो. इथे मात्र तुमचे हात स्टिअरिंगला चिकटले. काल चार वेळा आपण इथून गेलो आलो, आगा. एकदाही सुटले नाहीत. राजधानीचे हे डॉक्टरसुद्धा फिरवतात."

दुइसेनने मान वळवून ओराझालीकडे पाहिलं.

"म्हणा, आगा. सुरुवात करा."

ओराझालीने ओंजळ वर केली. ओठ हलले, आवाज आला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग ओंजळ हळूहळू उघडली आणि हात गुडघ्यांवर पडले.

"इथे कोणी नाही, पोरी," तो म्हणाला. "खोटं कुराण नाही वाचणार मी."

दुइसेनने तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. कुल्याशने खूण केली आणि शिपायाने दगड बाजूला करायला सुरुवात केली.

"वादळ आलं आणि तुम्हाला दिसलं की आज कोणी बाहेर पडणार नाही, माग उरणार नाही," कुल्याश म्हणाली. "पाणी घेऊन आलात. ओसरीतली पहार घेतलीत. शिळा खाली आणलीत, पण गाडीत घालून नेली असती तर रस्त्यावरच्या चौकीत अडकला असतात. म्हणून ती अशा जागी ठेवलीत जिथे आमच्यापैकी कोणाचाही हात जाणार नाही. पहार भावजयीच्या शेडमध्ये ठेवलीत. ती गेली की राखणदारी येर्सिनला, आणि नव्या राखणदाराला पहिल्याच महिन्यात दगड सापडणार होता. बरोबर?"

"कोरियात गेलेला परत येत नाही," ओराझाली म्हणाला. "शेजारच्या तिघांचे गेले. फोनवर हसतात, बस्स. मला वाटलं, हिचं काय, एकटी आहे, कुठेही राहील..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

दगडांखाली वाळू होती, वाळूखाली नमदा. ओराझालीच्याच घरचा, लाल नक्षीचा. त्याने शिळा नीट गुंडाळून, कोपरे दुमडून ठेवली होती. शिपायाने नमदा उलगडला. सूर्यडोक्या उन्हात आला, सगळी किरणं शाबूत. डॉक्टर तैमास गुडघ्यांवर बसला आणि छत्री त्याने दगडावर धरली, स्वतःवर नाही.

नुरजमालने मात्र दगडाकडे पाहिलं नाही. रुमालाची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि दिरासमोर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"ओराझाली," ती म्हणाली.

दुइसेनने खाली मान घातली. घरच्या सुनेच्या तोंडून मोठ्या दिराचं नाव, तेही नुसतं, त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"ओराझाली, जी बाई तुमच्यासमोर जिवंत उभी आहे तिला तुम्ही पुरलंत. आणि जे मूल कधी नव्हतंच, त्याच्याशी खोटं बोलायला तुम्हाला भीती वाटली." ती गाठोडं उचलून घराकडे वळली. "पाणी यापुढे मी दुसऱ्याकडून आणवेन."

उआझ कुल्याशने चालवली. ओराझाली शेजारी बसला, हात मांडीवर. बेड्या घातल्या नव्हत्या. कुठे जाणार होता? रेडिओ बंद होता. मोडका घुमट गेला, चंद्रकोर गेली. कुल्याश डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. प्रत्येक वेळी त्याचे हात मांडीवरून उचलले जात, अर्ध्यावर थांबत आणि परत खाली जात.

कब्रस्तानापाशी तिने गाडी थांबवली. सागिनची कबर कुंपणाला लागूनच होती.

"उतरा, आगा. मी थांबते."

ओराझालीने दाराच्या कडीला हात लावला. खूप वेळ लावून ठेवला.

"कोणतं तोंड घेऊन जाऊ?" तो म्हणाला.

कुल्याशने थोडं आणखी थांबून पाहिलं. मग तिने स्वतःच ओंजळ धरली, सागिनसाठी दोन शब्द म्हटले, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि गाडी सुरू केली.